सात नंबरची पिशवी

"पमे, हय ये. आयक."

जयवंती गुडघाभर पाण्यात उभी होती. ओहोटी पुरती लागलेली, बांबूचे मांडव उघडे पडलेले, आणि तिने आपली पिशवी दोन्ही हातांनी वर धरली होती. मी चिखल तुडवत जवळ गेले, तशी तिने ती एकदाच हलवली.

पिशवी खळखळली.

कालवांचं काम करणाऱ्या बाईला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. जिवंत कालव आपली दोन्ही टरफलं घट्ट मिटून बसतं, हलवलं तर दगडावर दगड आपटावा तसं ठक्क वाजतं. मेलं की टरफलं सुटतात, आतलं मांस सडून वाहून जातं, आणि मग ती नुसती पोकळ वाजत राहतात. तिच्या पिशवीत शंभर कालवं होती, आणि ठक्क असा आवाज मला कुठे सापडेना.

"सगळीच गेली काय गो?" मी विचारलं.

"धा-बारा आसतली. बाकी टरफलांच." तिने पिशवी हळूच मांडवावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. "परवा मोजणी. तवसर कोणाक सांगू नको, पमे. कुंदाक तर नकोच."

"माका काय पडलाय कुंदाक सांगूचा!"

"तसा न्हय. तू सांगूची नाय, माका म्हायत आसा," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून किनाऱ्याकडे चालू लागली. तिची ती पाठ मला अजून दिसते.

आता ही परवाची मोजणी काय होती, ते सांगते. आमच्या खाजणवाडीच्या खाडीत सोळा बायकांचा गट कालवं वाढवायचा. बारीक बी जाळीच्या पिशवीत भरायचं, पिशव्या मांडवाला बांधायच्या, वर्ष-दीड वर्षाने काढायच्या. बरं चाललं होतं. मग एका उन्हाळ्यात खाडीला काहीतरी झालं. फाल्गुनात कालवं उघडी पडायला लागली आणि चैत्र सरेपर्यंत शंभरातली नव्वद गेली. नुसता वास. गावातले पुरुष नाकाला रुमाल लावून जायचे आणि वर आम्हालाच हसायचे.

तेव्हा बोरकुटे मॅडम आल्या. चंद्रपूरकडच्या, सरकारी संशोधन केंद्रातल्या, बारक्या अंगाच्या, समुद्र पहिल्यांदा बघितला तो बाविसाव्या वर्षी, असं स्वतःच सांगायच्या. आम्हाला वाटलं, मेलेली कालवं बघायला आल्या असतील. तर बाई म्हणतात कशा, "मेलेली ठेवा बाप्पा तुमच्याजवळ. मला जी जगली ना, ती द्या."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कालवांच्या मांसात शिरणारा एक जंतू आहे, पाणी तापलं आणि खारटपणा वाढला की तो माजतो. तो सगळ्यांच्याच अंगात शिरतो, पण काही कालवं त्याला पुरून उरतात. ती नुसती नशिबाने उरली, की त्यांच्या रक्तातच काही आहे? रक्तात असेल तर ते पोरांत उतरेल. आणि पोरांत उतरत असेल, तर तशाच आईबापांचं बी काढून पुन्हा खाडी भरता येईल. म्हणून त्यांनी जगलेल्यांतून आठ माद्या निवडल्या, केंद्रात नेऊन प्रत्येकीची पिल्लं वेगवेगळी वाढवली, आणि डिसेंबरात सोळा पिशव्या घेऊन आल्या. पिशवीत शंभर कालवं, पिशवीला नंबराचा बिल्ला. चिठ्ठ्या टाकून एकेकीला एकेक पिशवी. मला चार नंबर आला, जयवंतीला सात.

"कुठल्या पिशवीत कुठल्या आईची, हे मी सांगणार नाही," मॅडमनी तेव्हाच सांगितलं. "कळलं की माणूस लाड करतो, नाहीतर हेळसांड करतो. उन्हाळा संपला की सांगीन. तोवर तीन गोष्टी पाळा. दर आठवड्याला बाहेरचा गाळ खरवडा. पिशवी उघडू नका. आणि मेलेली फेकू नका, त्यांचीसुद्धा मला मोजदाद पाहिजे."

"मेलेल्यांची कित्याक?" कुंदा लोणेने विचारलं.

"तीच तर खरं सांगतात," मॅडम म्हणाल्या. आम्ही हसलो. गटाची वही माझ्याकडे, कारण बारावी झालेली मी एकटीच. मी ते वहीत लिहूनही घेतलं. लिहिणं काय, कुणालाही येतं.

जयवंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. पहिला एकवीस दिवसांचा, दुसरी मुलगी तीन महिन्यांची. नवरा गोव्याला ट्रॉलरवर, वर्षातून दोनदा घरी. मुलगी गेली त्या वर्षी तिच्या सासूने दारातली तुळस हिला लावायला दिली आणि ती सुकली. झालं! तेवढं पुरलं. वाडीत बोलणं सुरू झालं, हिचा हातगुण बरा नाही. मग कुणी हिला लोणच्याच्या बरणीला हात लावू देईना. सुपात भात पाखडायला घेतला तर कुणीतरी हसत हसत सूप काढून घ्यायचं, "रवांदे गो, दमलंस तू." आणि कुंदा तर आडपडदाच ठेवायची नाही. चिठ्ठी उघडून सात नंबर आला तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "सात नंबराचा आता आटापला."

जयवंतीने ऐकलं आणि पिशवी उचलली. तिला अशा वेळी बोलता येत नसे. मला येत असे, म्हणून मी कुंदाला चार शब्द सुनावले. जयवंती माझी मैत्रीण होती. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आलो, एकाच विहिरीवर पहिल्यांदा पाणी भरलं, आणि दोघींनाही तेव्हा खाडीची भीती वाटायची.

तर त्या संध्याकाळी मी घरी आले आणि माझं कशात लक्ष लागेना. परवा सोळा बायकांसमोर पिशव्या उघडणार. सातमधून टरफलांचा ढीग पडणार. कुंदा सगळ्यांदेखत बोलेल, आणि तेवढ्याने जन्माचा शिक्का बसेल. तुळशीचं एक वेळ माणसं विसरतील, पण मोजून लिहिलेलं कोण विसरणार? आणि लिहिणार कोण, तर मीच.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या तारी कुटुंबात लग्न होतं. अख्खी वाडी जेवायला गेली. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले आणि दुपारी ओहोटीला एकटी खाडीत उतरले. माझा चार नंबर आणि तिचा सात एकाच मांडवावर होते, खाडीच्या आतल्या अंगाला, साकवाच्या पुलाच्या बाजूला. माझी पिशवी हलवली. ठकठक, भरलेली. मी दोन्हींच्या गाठी सोडल्या, मांडवाच्या फळीवर बसले, आणि माझ्यातलं एक जिवंत कालव काढून तिच्यात टाकलं, तिच्यातलं एक टरफल माझ्यात.

निम्मी द्यायची असं मनात होतं. पण हात थांबेनात. माझी मेलेली दिसली तर काय होणार होतं? माझी दोन्ही पोरं शाळेत जात होती, सासू माझ्या हातच्या सारासाठी लेकीच्या घरून परत यायची. "यंदा पमाचा नशीब खोटा," म्हणून दोन दिवसांत विसरल्या असत्या. तिचं विसरलं नसतं. मी मोजत होते, बहात्तर झाली तेव्हा थांबले. गाठी पुन्हा होत्या तशा बांधल्या. बोटं कापून रक्त येत होतं, कालवांच्या कडा तशाच असतात. पण मन इतकं हलकं झालं होतं की काय सांगू! परतताना मी चक्क गुणगुणत होते.

मोजणीच्या दिवशी सकाळी शेडमध्ये सोळा टोपल्या मांडल्या. मॅडम खुर्चीवर, मांडीवर कागद. मी वही घेऊन शेजारी. एकेक पिशवी ओतायची, जिवंत एका बाजूला, मेलेली दुसऱ्या बाजूला, दोघींनी दोनदा मोजायचं. एक नंबर, चोपन्न जिवंत. दोन नंबर, सदतीस. तीन नंबर, एकाहत्तर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा चार.

"सोळा," मॅडमनी लिहिलं. "अरे, हे तर फारच गेले."

"काय गो पमा, दृष्ट लागली काय?" कुणीतरी म्हटलं, आणि मी हसले. अगदी मनापासून हसले.

सातची पिशवी ओतली. भरलेली कालवं घरंगळत टोपलीबाहेर गेली. दोनदा मोजलं. त्र्याऐंशी.

मी जयवंतीकडे बघितलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल, ती देवीला हात जोडेल. ती टोपलीकडे बघत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. मी समजले, आनंदाने असं होतं माणसाचं. आपल्याला हवं ते समजून घ्यायला वेळ कुठे लागतो!

मोजणी पुढे सरकली. बारा नंबर कुंदाचा, खाडीच्या तोंडाशी बांधलेला. तिने उन्हाळाभर कुणाला त्या पिशवीजवळ फिरकू दिलं नव्हतं. ओतली, तर नऊ जिवंत. नऊ! कुंदाने टरफलं पायाने मागे सारली. "थयसर पाणीच वायट," ती म्हणाली.

सोळाही झाल्यावर मॅडम उठल्या. त्यांना इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं. पिशवीतून एक बंद लखोटा काढून त्यांनी वर धरला.

"आता गंमत बघा. आई आठ होत्या ना? आणि पिशव्या सोळा. म्हणजे प्रत्येक आईची पिल्लं मी दोन पिशव्यांत भरली होती. एक साकवाच्या बाजूला, एक खाडीच्या तोंडाशी. सांभाळणारी वेगळी, पाणी वेगळं, आई एकच. दोन्हीकडे सारखी मेली, तर समजायचं की हे रक्तातलं आहे. आता जोड्या वाचते."

मी वही मिटली.

"तीन आणि अकरा, एकाच आईची. एकाहत्तर आणि सदुसष्ट." बायका पुढे सरकल्या. "पाच आणि चौदा. बावीस आणि एकोणीस. बघा, कशी बरोबर बसतात! एक आणि दहा. चोपन्न आणि अठ्ठावन्न." सहा जोड्या त्यांनी वाचल्या, सहाही जुळल्या. म्हाताऱ्या भागीरथी काकीने तर कपाळाला हात लावला, "काय शास्तर गो बाये!"

"आता सात आणि बारा." मॅडम थांबल्या. कागद जवळ नेला. "त्र्याऐंशी आणि नऊ."

शेडमध्ये कुजबूज झाली.

"चार आणि पंधरा. सोळा... आणि नव्वद." त्या खाली बसल्या. चारही आकड्यांवर बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "चारचा आकडा सातला लावला आणि सातचा चारला, तर दोन्ही जोड्या नीट जुळतात. बायांनो, खरं सांगा. चार आणि सातची अदलाबदल झाली का?"

पहिला आवाज कुंदाचाच.

"माका आधीच संशय इलेलो! हिच्या हातात कधी काय जगलाहा? आपली मेलेली पमाच्या गळ्यात बांधल्यान आणि पमाची चोरल्यान!"

मग सगळ्याच बोलायला लागल्या. चोरी म्हणाल्या. मैत्रिणीच्या घरात चोरी म्हणाल्या. एक तर म्हणाली, जिला पोरांचं सुख नाही तिला दुसऱ्याचं बघवत नाही. मी तिथेच होते, वही छातीशी धरून, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. चार शब्द सुनावणारी मी! एरवी कुंदाला रस्त्यात गाठून भांडणारी! मी गप्प होते, कारण बोलले तर कळणार होतं की गटाची वही जिच्या हातात दिली तिनेच सगळ्यांचं वर्ष नासवलं. किती वेळ गप्प होते? मिनिटभर असेल. ते मिनिट मी अजून मोजते आहे.

जयवंती उठली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, ही कालवां माझी न्हय. माझी पिशवी खळखळत होती. परवा मी हलवन बघलंय. धा-बाराच जिवंत होती. ही खयसून इली, माका म्हायत नाय. पण माझी न्हय, ती माझ्या नावार लिहू नको."

"बघा, कबूल केल्यान!" कुंदा ओरडली.

"मी केलं," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की कुणी ऐकलंच नाही. मग मी ओरडले, "मी केलंय! जयवंतीन हात लावल्यान नाय. लग्नाच्या दुपारी मी माझी बहात्तर तिच्यात घातलंय आणि तिची मेलेली माझ्यात. माझीच बुद्धी फिरली!"

मॅडमनी चष्मा काढला.

"का, प्रमिलाताई?"

"तिका बोलतली म्हणान," मी म्हटलं. रडत होते मी. "हातगुणावरना बोलतली म्हणान."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन घेतलं आणि कागदावरच्या चार नंबरवर आडवी रेघ मारली. मग सातवर.

"हे दोन बाद," त्या म्हणाल्या. "तुम्ही बहात्तर म्हणता ते खरं असेल. पण हात लागलेला आकडा मला लिहिता येत नाही. अन् जोडीतली एकच पिशवी उरली, तर तिच्यावर काही ठरवता येत नाही. पंधरा नंबरवाली आई सगळ्यात तगडी दिसते, तिचंच बी मला काढायचं होतं. आता वर्षभर थांबायचं. पुन्हा पिशव्या, पुन्हा उन्हाळा."

एक वर्ष. सोळा घरांचं. त्या वर्षी गटातल्या पाचजणी आंब्याच्या कारखान्यात कामाला गेल्या, त्यातल्या दोघी परत आल्याच नाहीत. कुणी माझ्या तोंडावर बोललं नाही, पण वही त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतली, आणि ते बरोबरच होतं.

पण त्या क्षणी जयवंती त्या रेघेकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "सात आणि बारा एका आयेची?"

"हो."

"बारा कुंदाकडे होतो. मी तेका कधी हात लावलंय नाय. मी त्या तोंडाक गेलंयसुद्दा नाय."

"हो ना, जयवंतीताई."

"आणि तोय मेलो. नऊच रवले." ती एकेक शब्द पायरी चाचपल्यासारखा ठेवत होती. "माझ्यात अकरा आणि कुंदाच्यात नऊ. मगे ती माझ्या हातान मराक नाय?"

मॅडमच्या बहुतेक तेव्हाच लक्षात आलं की ही काय विचारते आहे. त्यांना वाडीतलं बोलणं ठाऊक नव्हतं, आम्ही बाहेरच्या माणसाला असलं सांगत नाही. त्या उभ्या राहिल्या.

"नाही. त्या कालवांची आईच कमजोर होती. तुम्ही सांभाळली असती, मी सांभाळली असती, कुणीही, तरी मेलीच असती."

"मोठ्यान सांगा."

"काय?"

"सगळ्यांक आयकाक येयत असा मोठ्यान सांगा, बाई. माझा नाव घेवन सांगा."

मग त्या बारक्या बाईने शेडच्या मधोमध उभं राहून, जयवंती टिकमच्या हाताने एकही कालव मेलं नाही, असं घसा ताणून सांगितलं. दोनदा सांगितलं. भागीरथी काकी डोळे पुसत होती. कुंदा खाली बघून टरफलं गोळा करत होती. जयवंती रडली नाही. तिने आपला पदर खोचला, स्वतःची रिकामी पिशवी झटकली आणि घरी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी पुन्हा तीच आठ कुळं लावली. या वेळी पिशव्यांच्या गाठींना मोहोर होती, आणि मला पिशवी नव्हती. जयवंतीने सातचंच कुळ हट्टाने मागून घेतलं, मॅडमनी तिच्यापुरता चिठ्ठीचा नियम सोडला, आणि तिने मेलेलं एकेक टरफल स्वतः मोजून दिलं. ते दोन्हीकडे मेलं. पंधराचं दोन्हीकडे जगलं. आज आमच्या खाडीत जी कालवं आहेत ती त्या एका आईची लेकरं-नातवंडं आहेत, उन्हाळ्यात शंभरातली ऐंशी टिकतात. गटाची अध्यक्ष जयवंती आहे. आमचं बोलणं आहे, कामापुरतं.

ते कामापुरतं का, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोजणीनंतर पाचव्या दिवशी ती माझ्या दारात आली. मी अंगणात सुके बांगडे उलटत होते. मी पाट पुढे केला, ती बसली नाही.

"एक इचारतंय. खरां सांग."

"इचार."

"तुका वाटला मगे, माझ्याच हातान मेली म्हणान?"

"काय बोलतंस, जयू! बायलो काय काय बोलतली म्हणान मी..."

"बायलांचा सोड. त्यांचा माका म्हायत आसा. तुझा सांग. माझ्या हाताचा काय नाय असा तुका वाटला असता, तर तू ती पिशवी उघडलंस नसतंस. तुका खात्री होती, मोजल्यार माझाच खोटा निघतला. म्हणान झाकलंस."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि मला डिसेंबरातला तो दिवस आठवला, जो मी आत्तापर्यंत तुम्हालाही सांगितला नाही. पिशव्या मांडवाला बांधायच्या दिवशी माझी पिशवी जयवंतीने धरली होती. मी दोरी ओवली, ती हसून काहीतरी बोलली, गाठ मारून दिली आणि आपल्या कामाला गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मी घरी जाऊन मीठ-मिरच्या आणल्या, माझ्या पिशवीवरून तीनदा उतरवल्या आणि खाडीत टाकल्या. कुणी बघितलं नव्हतं. मला तेव्हा त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "वाटलेला."

तिने मान हलवली.

"कुंदा तरी तोंडार बोलता," ती म्हणाली, आणि अंगणाच्या फाटकाचं बेडं मागे ओढून निघून गेली.